ज्यूरीचा निर्भय निर्णय

इंग्लंडचा सामान्य कायदा कोणा एका राजानें वा स्मृतिकारानें लिहून ठेवलेला नाहीं. न्यायाधीशांनीं खटल्यामागून खटल्यांत दिलेल्या निवाड्यांतून तो घडत गेला. इ. स. १६७० मधील एक निवाडा याची उत्तम साक्ष देतो.

त्या वर्षीं लंडनमधील क्वेकर पंथाचें प्रार्थनामंदिर बंद करण्यांत आलें, तेव्हां विल्यम पेन यानें भर रस्त्यावर प्रवचन केलें. बेकायदेशीर जमाव जमविल्याच्या आरोपावरून त्याच्यावर व विल्यम मीड याच्यावर ओल्ड बेलींत खटला चालला. परंतु ज्यूरीचे बारा पंच त्यांस दोषी ठरवीनात. न्यायासनानें पंचांना अन्न, पाणी व विस्तव न देतां दोन रात्री कोंडून ठेवलें. तरी ते ढळले नाहींत. आरोपी निर्दोषी ठरले, आणि दंड झाला तो पंचांनाच, प्रत्येकीं ४० मार्क! एडवर्ड बुशेल व इतर तिघांनीं तो न भरतां तुरुंग पत्करला.

बुशेलनें हेबिअस कॉर्पसचा, म्हणजे कैद्यास हजर करून कैदेचें कारण दाखविण्याच्या हुकुमाचा, आश्रय घेतला. मुख्य न्यायाधीश सर जॉन व्हॉन यांनीं त्यास मुक्त केलें. त्यांचा युक्तिवाद साधा होता : एकाच पुराव्याचा अर्थ दोन प्रामाणिक माणसें निरनिराळा लावूं शकतात, पंचांनीं न्यायाधीशाच्याच डोळ्यांनीं पाहावयाचें, तर पंच हवेत कशाला?

पेननें पुढें अमेरिकेंत पेनसिल्व्हानिया वसविलें. बुशेलचें नांव मात्र केवळ त्या निवाड्यांत उरलें. पण दिलेल्या निर्णयाबद्दल पंचांस शिक्षा करण्याची वाट त्यानेंच बंद केली.