बालन्यायालय आणि वकील

मुलाच्या हातून अपराध घडला तर त्यास शिक्षा करावी कीं सुधारावें, या जुन्या प्रश्नास १८९९ सालीं अमेरिकेंतील शिकागो शहरानें नवें उत्तर दिलें. तेथें मुलांसाठीं निराळें न्यायालय स्थापन झालें. मुंबई इलाख्यानेंहि १९२४ सालीं बालकांचा कायदा करून तोच मार्ग धरला. अशा न्यायालयांत न्यायाधीशानें पित्याप्रमाणें वागावें, ही मूळ कल्पना होय. जेथें पिता बोलतो, तेथें वकिलाचें काय काम? केंद्रशासित प्रदेशांसाठीं केलेल्या १९६० च्या कायद्यानें तर विशेष परवानगीवांचून वकिलास मनाईच केली. हेतु चांगला होता. परंतु माया ही पुराव्याची जागा घेऊं शकत नाहीं.

हें प्रथम उघड झालें तें अमेरिकेंतच. अॅरिझोना संस्थानांत दूरध्वनीवरून असभ्य बोलल्याच्या आरोपावरून एका पंधरा वर्षांच्या मुलास एकविसाव्या वर्षापर्यंत सुधारगृहांत धाडण्यांत आलें. प्रौढास याच अपराधाबद्दल फार तर ५० डॉलर दंड किंवा दोन महिने कैद झाली असती. मुलास वकील नव्हता आणि तक्रार करणारी बाई न्यायालयांत आलीच नाहीं. १९६७ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें मुलासहि वकिलाचा हक्क आहे, असा निवाडा दिला.

भारतांतहि पुढें ती मनाई गेली. १९८७ चा विधिसेवा कायदा १९९५ पासून अंमलांत आला. त्यानें बापाची मिळकत न पाहतां बालकास मोफत वकील देऊं केला.

तथापि वकील असणें आणि त्यानें योग्य तें शोधणें, या दोन गोष्टी भिन्न आहेत. पुण्यांत १९९४ सालीं झालेल्या सात खुनांच्या खटल्यांत एका आरोपीस फाशीची शिक्षा झाली आणि २००० सालीं ती सर्वोच्च न्यायालयांत कायम झाली. तोंवर त्याच्या वयाचा मुद्दा निघालाच नाहीं. पुढें वकिलांनीं राजस्थानांतील शाळेची नोंद पुढें आणली. तींत घटनेच्या वेळीं त्याचें वय साडेबारा वर्षांचें ठरलें. २७ मार्च २०२३ रोजीं तो सुटला. ज्यास कायद्यानें तीन वर्षांहून अधिक कोंडतां येत नव्हतें, त्याचीं अठ्ठावीस वर्षें तुरुंगांत गेलीं होतीं.

आज देवळाली प्रवरेचें एखादें मूल जिल्ह्याच्या बाल न्याय मंडळापुढें उभें राहिलें, तर त्याच्या वकिलानें प्रथम वक्तृत्व न गाजवितां शाळेचा दाखला मागवावा, हाच या इतिहासाचा बोध होय.