मतदान जिंकले, मंडळी सोडली

२६ फेब्रुवारी २०१९ रोजी अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात युनायटेड मेथडिस्ट चर्चच्या प्रतिनिधींनी एका ठरावावर मते दिली. समलिंगी विवाह लावण्यास आणि समलिंगी संबंधांत असलेल्यांना पाळकपदाची दीक्षा देण्यास असलेली बंदी आणखी कडक करणारा ‘ट्रॅडिशनल प्लॅन’ ४३८ विरुद्ध ३८४ मतांनी मंजूर झाला. त्यानंतर २०२३ अखेरपर्यंत या संस्थेच्या अमेरिकेतल्या साडेसात हजारांहून अधिक मंडळ्या, म्हणजे सुमारे एक चतुर्थांश, बाहेर पडल्या. त्यांतल्या बहुतेक त्या दिवशी जिंकलेल्या बाजूच्या होत्या. हरलेल्यांनी घर सोडले असते तर नवल नव्हते. जिंकलेल्यांनी ते का सोडले, हे संस्थेच्या कागदपत्रांतूनच कळते. दर चार वर्षांनी सुधारून निघणारे ‘बुक ऑफ डिसिप्लिन’ हे नियमांचे पुस्तक, अधिवेशनांची इतिवृत्ते आणि ‘ज्युडिशियल कौन्सिल’ या संस्थांतर्गत सर्वोच्च न्यायपीठाचे निर्णय एकापुढे एक ठेवले की घटनाक्रम उलगडतो.

ही संस्था १९६८ मध्ये दोन चर्चच्या विलीनीकरणातून जन्मली. १९७२ च्या अटलांटा येथील जनरल कॉन्फरन्सपुढे, म्हणजे संस्थेचे नियम करणाऱ्या अधिवेशनापुढे, सामाजिक तत्त्वांचा मसुदा आला. समलिंगी व्यक्तीही देवाच्या दृष्टीने तितकीच मोलाची आहे, तिलाही चर्चच्या सेवेची गरज आहे आणि सर्वांच्या मानवी व नागरी हक्कांचे रक्षण व्हावे, असे त्यात होते. चर्चेत टेक्सासचे प्रतिनिधी डॉन हँड यांनी दुरुस्ती सुचवली आणि ती मंजूर झाली. छापील मजकुरात ती स्पष्ट दिसते. हक्कांची हमी मागणारे वाक्य संपता संपता स्वल्पविराम येतो, आणि लगेच समलिंगी आचरणाला आमची मान्यता नाही, ते ख्रिस्ती शिकवणुकीशी विसंगत आहे, असे कलम जोडलेले आहे. हक्क आणि निषेध एकाच वाक्यात बसले. पुढची ५२ वर्षे एक पक्ष त्या वाक्याचा पूर्वार्ध वाचत राहिला, दुसरा उत्तरार्ध.

पण सामाजिक तत्त्वे म्हणजे कायदा नव्हे. म्हणून १९८४ मध्ये स्वतःहून समलिंगी संबंध मान्य करणाऱ्यांना दीक्षा व नेमणूक देऊ नये, असा थेट नियम आला. १९९६ मध्ये समलिंगी जोडप्यांच्या विधींना मनाई झाली, पण ते वाक्य पुन्हा सामाजिक तत्त्वांतच घातले गेले. ही फट लवकरच उघडी पडली. ओमाहाचे पाळक जिमी क्रीच यांनी १९९७ मध्ये दोन स्त्रियांचा असा विधी केला. मार्च १९९८ मध्ये त्यांच्यावर चर्चचा खटला चालला. तेरा पाळकांच्या ज्यूरीत दोषी ठरवायला नऊ मते लागत होती, पडली आठ. बचावाचा मुद्दा हाच होता, की सामाजिक तत्त्वे मार्गदर्शक आहेत, बंधनकारक नाहीत. त्याच ऑगस्टमध्ये ज्युडिशियल कौन्सिलने ती मनाई बंधनकारक कायदाच असल्याचा निर्णय दिला. क्रीच यांनी पुन्हा असा विधी केला, तेव्हा नोव्हेंबर १९९९ मध्ये त्यांचे पाळकपद गेले.

या खटल्यांतून संस्थेची रचना दिसते. नियम जनरल कॉन्फरन्स करते, पण ते राबवणे तिच्या हाती नाही. पाळकाविरुद्धची तक्रार त्याच्या बिशपकडे जाते, ज्यूरी त्याच्याच वार्षिक परिषदेतल्या, म्हणजे संस्थेच्या प्रादेशिक घटकातल्या, पाळकांची असते आणि अमेरिकेतले बिशप विभागवार निवडले जातात. जुलै २०१६ मध्ये पश्चिम विभागाने कॅरन ओलिव्हेटो यांना बिशप निवडले. त्यांचा एका स्त्रीशी विवाह झालेला होता, आणि ते सर्वांना ठाऊक होते. एप्रिल २०१७ मध्ये कौन्सिलने अशी प्रतिष्ठापना चर्चच्या कायद्याविरुद्ध असल्याचे ठरवले, पण त्यांच्या विभागातली कार्यवाही पूर्ण होईपर्यंत त्या पदावर राहतील, असेही म्हटले. त्या पदावर राहिल्या. थोडक्यात, निकाल परंपरावाद्यांच्या बाजूचा आणि अंमलबजावणी विरोधकांच्या हाती.

२०१९ च्या विजयात अमेरिकेबाहेरच्या, विशेषतः आफ्रिकेतल्या, प्रतिनिधींच्या मतांचा मोठा वाटा होता. अमेरिकेतल्या अनेक वार्षिक परिषदांनी मात्र नवे नियम पाळणार नाही, असे उघडपणे सांगितले. आणि इथेच त्या अधिवेशनात मंजूर झालेला, नियमांच्या पुस्तकातला परिच्छेद २५५३ महत्त्वाचा ठरतो. मेथडिस्टांच्या प्रत्येक मंडळीची इमारत आणि जमीन संपूर्ण संस्थेच्या वतीने विश्वस्त म्हणून धारण केलेली असते. मंडळी बाहेर पडली तर मालमत्ता मागे राहते. या संस्थेच्या पूर्वीच्या मेथडिस्ट चर्चला या प्रश्नाची चव आधीच मिळाली होती. गुलामगिरीवरून १८४४ मध्ये फूट पडली, तेव्हा प्रकाशन संस्थेच्या मालमत्तेचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. परिच्छेद २५५३ ने मालमत्तेसह जाण्याची वाट काढून दिली. सभासदांच्या सभेत दोनतृतीयांश मते हवीत, एकूण दोन वर्षांची वर्गणी आणि पेन्शनच्या देण्यातला वाटा भरावा, वार्षिक परिषदेची मंजुरी घ्यावी. मुदत ३१ डिसेंबर २०२३.

ही सोय विवेकाला बदल न पटणाऱ्यांसाठी होती, म्हणजे वरवर पाहता हरलेल्या उदारमतवाद्यांसाठी. पण बाहेर पडण्याच्या कारणांत २०१९ च्या बदलांबरोबर वार्षिक परिषदेची कृती किंवा निष्क्रियता हीही बाब नोंदलेली होती. नियम राबवले जात नाहीत, हीच परंपरावाद्यांची तक्रार होती. त्याच शब्दांच्या आधारे ते बाहेर पडले.

जानेवारी २०२० मध्ये दोन्ही पक्षांनी सामोपचाराने वेगळे होण्याचा करार जाहीर केला. त्यात परंपरावाद्यांच्या नव्या संस्थेला अडीच कोटी डॉलर द्यायचे ठरले होते. पण कोविडमुळे अधिवेशन पुन्हा पुन्हा लांबले आणि करार मतदानाला आलाच नाही. १ मे २०२२ रोजी ग्लोबल मेथडिस्ट चर्च स्थापन झाले. अखेर २०२४ मध्ये शार्लट येथे जनरल कॉन्फरन्स भरली, तेव्हा विरोधातली बरीच बाके रिकामी झाली होती. १ मे रोजी दीक्षेवरची बंदी ६९२ विरुद्ध ५१ मतांनी, चर्चेशिवाय उठली. दुसऱ्या दिवशी सुधारित सामाजिक तत्त्वे ५२३ विरुद्ध १६१ मतांनी मंजूर झाली आणि १९७२ चे कलम गेले. विवाहाच्या व्याख्येत मात्र प्रौढ स्त्री-पुरुष आणि दोन प्रौढ व्यक्ती असे दोन्ही पर्याय ठेवले. तरीही २८ मे २०२४ रोजी आयव्हरी कोस्टच्या परिषदेने संस्था सोडायचे ठरवले. तिचे सभासद दहा लाखांहून अधिक होते.

भारतापुरते सांगायचे तर, मुंबईत १८७१ पासून अमेरिकन मिशनरी विल्यम टेलर यांनी जी मेथडिस्ट परंपरा रुजवली, तिच्या वारसांना या मतदानांचे बंधन नाही. मेथडिस्ट चर्च इन इंडिया १९८१ पासून स्वायत्त आहे.

ही फूट श्रद्धेच्या मतभेदातून पडली, यात शंका नाही. पण तो मतभेद १९७२ पासून होताच आणि संस्था जवळजवळ पन्नास वर्षे एकत्र राहिली. ती तुटण्याचे कारण रचनेत आहे. नियम करणारे एक आणि राबवणारे दुसरे होते, त्यामुळे नियम कडक करून प्रश्न सुटला नाही. मालमत्तेसह बाहेर पडण्याचा मार्ग उघडताच, मतदान जिंकूनही हाती काही न लागलेल्यांनी तो धरला.