नावावरून ओळख: डॉट कॉम, डॉट बॅट आणि एक प्रेमपत्र

आजचा प्रश्न साधा आहे. टर्मिनलमध्ये आपण फाइलचं नाव टाइप करून एंटर मारतो. ती चालवायची कशी, हे काँप्युटरला कळतं कुठून?

युनिक्सचं उत्तर: आत डोकावून बघा. जानेवारी 1980 मध्ये बेल लॅब्जच्या डेनिस रिची यांनी ही सोय थेट कर्नलमध्ये आणली. फाइलची पहिली दोन अक्षरं हॅश आणि उद्गारचिन्ह असली, की त्याच ओळीत पुढे दिलेला प्रोग्राम ती स्क्रिप्ट चालवतो. नावाच्या शेवटी काय आहे, याच्याशी कर्नलला देणंघेणं नाही. शिवाय फाइलला चालवायची परवानगी वेगळी द्यावी लागते.

डॉसने मात्र सीपी/एमची वाट धरली, म्हणजे नावावर विश्वास. तुम्ही नुसतं 'गेम' टाइप केलंत, की शेल आधी गेम डॉट कॉम शोधणार, मग डॉट ईएक्सई, मग डॉट बॅट. व्हायरसवाल्यांनी हा क्रम बरोब्बर हेरला. गेम डॉट ईएक्सईच्या शेजारी आपली गेम डॉट कॉम ठेवून द्यायची, बस्स! मूळ फाइलला हात लावायचीही गरज नाही. याला कंपॅनियन व्हायरस म्हणतात.

पुढे विंडोज एनटीमध्ये ही यादी 'पाथएक्स्ट' नावाच्या व्हेरिएबलमध्ये गेली आणि स्क्रिप्ट होस्ट आल्यावर तिच्यात व्हीबीएस, जेएस अशी भर पडली. डबल-क्लिकही एक्स्टेन्शन बघूनच ठरवतं. आणि गंमत म्हणजे विंडोज 95 पासून एक्सप्लोरर ओळखीची एक्स्टेन्शन्स लपवायला लागला होता! ज्या तीन अक्षरांवर सगळं ठरतं, नेमकी तीच झाकायची? मला हा निर्णय आजही पटत नाही.

मे 2000 मध्ये त्याची किंमत कळली. फिलिपिन्समधून निघालेल्या 'आय लव्ह यू' वर्मची फाइल होती 'लव्ह-लेटर-फॉर-यू डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस'. शेवटचा तुकडा लपला, की उरतं एक निरुपद्रवी टेक्स्ट फाइलसारखं नाव. उघडलं, की आउटलुकच्या ॲड्रेस बुकमधल्या सगळ्यांना तेच पत्र, आणि तुमच्या जेपीजी फोटोंवर वर्मचा कोड. लाखो मशीन्स लागली.

2006 मध्ये पॉवरशेल आला, तेव्हा मायक्रोसॉफ्टने ताक फुंकून प्यायलं. पीएसवन फाइलवर डबल-क्लिक केलंत तर ती नोटपॅडमध्ये उघडायची. चालू फोल्डरमधली स्क्रिप्ट चालवायला आधी डॉट आणि बॅकस्लॅश टाइप करायचं. आणि नव्या मशीनवर स्क्रिप्ट्स मुळात बंदच.