संख्या एक, ओळखी अनेक : २,१४,७४,८३,६४७

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. वरवर पाहता ही एक मोठी विषम संख्या. मात्र गणित आणि संगणक या दोन्ही क्षेत्रांत तिला वेगळे स्थान आहे.

दोनचा ३१ वा घात करून त्यातून एक वजा केल्यास ही संख्या मिळते. अशा रूपाच्या मूळ संख्यांना फ्रेंच विद्वान मारँ मर्सेन यांच्या नावावरून 'मर्सेन मूळ संख्या' म्हणतात. घातांक मूळ असला तरी येणारी संख्या मूळ असतेच असे नाही. उदाहरणार्थ, दोनचा ११ वा घात वजा एक म्हणजे २०४७. तिचे २३ आणि ८९ असे अवयव पडतात. २०२४ पर्यंत ५२ मर्सेन मूळ संख्या सापडल्या असून प्रस्तुत संख्या क्रमाने आठवी आहे. तिचा घातांक ३१ हाही मर्सेन मूळ असल्याने ती 'दुहेरी मर्सेन' ठरते. अशा मूळ संख्या आजवर चारच ज्ञात आहेत.

ही संख्या मूळ असल्याचे लेओनार्ड ऑयलर यांनी १७७२ मध्ये सिद्ध केले. त्या वेळी त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. एरवी ४६,३४० पर्यंतच्या सुमारे ४,८०० मूळ संख्यांनी भागून पाहावे लागले असते. तथापि तिचा मूळ विभाजक असलाच, तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ उरली पाहिजे, हे ऑयलर यांनी दाखवले. त्या मर्यादेत अशा संख्या चारशेही भरत नाहीत.

तिला दोनच्या ३० व्या घाताने गुणल्यास २३०५८४३००८१३९९५२१२८ ही १९ अंकी 'परिपूर्ण संख्या' मिळते. स्वतःखेरीज सर्व विभाजकांची बेरीज संख्येइतकीच भरते, ती परिपूर्ण.

द्विमान पद्धतीत ही संख्या म्हणजे ओळीने ३१ एकके. त्यामुळे धन-ऋण चिन्हासह ३२ बिटांत साठवता येणारी ती सर्वांत मोठी संख्या होय. डिसेंबर २०१४ मध्ये 'गंगनम स्टाइल' या गाण्याच्या प्रेक्षकसंख्येने ही मर्यादा ओलांडली आणि यूट्यूबचा गणक ६४ बिटांचा झाला.

खरी कसोटी पुढेच आहे. अनेक संगणकप्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून वेळ ठरवतात. १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी ही मोजणी नेमकी या संख्येवर पोहोचेल. पुढच्याच सेकंदाला ३२ बिटांवर चालणारी जुनी यंत्रणा ऋण संख्येत जाऊन डिसेंबर १९०१ मधील तारीख दाखवू शकते. ६४ बिटांची मोजणी हा त्यावरील उपाय असून नव्या प्रणालींनी तो स्वीकारला आहे. प्रश्न उरतो तो वर्षानुवर्षे न बदललेल्या यंत्रांचा.