पाककृतीचे पान आणि घरातला पडदा

सुरतेहून भुसावळकडे निघालेली गाडी थोड्याच वेळात चलथाणला येते. उसाचे मळे आणि सहकारी साखर कारखाना ही या गावाची जुनी ओळख. पुढे हाच लोहमार्ग खानदेशात शिरतो. त्या वाटेने पोटापाण्यासाठी आलेली मराठी कुटुंबे या मुलखात स्थिरावली. अशा घरी सुटीचा बेत ठरतो: मासिकात वाचून एखादा नवा पदार्थ करावा आणि जेवणानंतर सर्वांनी मिळून घरीच चित्रपट पाहावा. गोष्ट साधी, परंतु पान आणि पडदा या घरात एकाच वेळी आले नाहीत.

पान फार आधी आले. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ साली छापले गेले. १९३० साली 'स्त्री' मासिक निघाले. १९७० साली कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' आले आणि त्यात मापे होती वाटी-चमच्याची. या वाटीचे महत्त्व परमुलखात गेलेल्या सुनेला विचारावे! 'अंदाजाने मीठ घाल' हे सांगणे शेजारी सासू उभी असेल तोवरच उपयोगाचे. सासू अमळनेरला आणि सून चलथाणला, तर अंदाज शिकवणार कोण? ते काम छापील पानाने केले.

चित्रपटाचे तसे झाले नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट असे आणि त्याआधी पोळ्या उरकण्याची मुंबईच्या घराघरांत एकच घाई उडे. चलथाणच्या मराठी घराला हे सुख नव्हते. १९६० साली राज्ये वेगळी झाली तरी टपाल अडले नाही, मासिक येतच राहिले. मुंबईच्या मनोऱ्यावरून निघालेली लहर मात्र इतक्या दूर भरवशाने पोहोचणारी नव्हती. १९८२ नंतर देशव्यापी कार्यक्रम पसरले, तेव्हा रविवारी हिंदी चित्रपट दिसू लागला. मराठीची पाळी इतर भाषांबरोबर कधीतरी दुपारी येई. मधल्या काळात भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटींनी थोडीबहुत भूक भागवली. मराठी पडदा रोजचा झाला तो उपग्रह वाहिन्या आल्यावर.

आता मोबाइलवर पाककृतीही चालत्या चित्रांत दिसते. कणकेच्या बोटांनी ते चित्र मागे-पुढे करणे कठीण, ही गृहिणींची तक्रार रास्तच आहे. पुस्तकाच्या पानावर सांडलेले पीठ निदान झटकता येई.