बोरूच्या बिरादरीत

अक्षर जपणाऱ्यांच्या बिरादऱ्या महाराष्ट्रात किमान सातशे वर्षांपासून आहेत. काळाबरोबर बदलत गेली ती त्यांची प्रवेशाची अट. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी (रेल्वे) येथून या वाटेने मागे निघालो, तर आपला पहिला मुक्काम शेजारच्या अमरावती जिल्ह्यात पडतो, रिद्धपूरला. 1278च्या सुमारास म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा जमवून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले ते इथे. पुढच्या शतकात स्वामींच्या महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत घातले. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध ती सकळ लिपी. तिचे कर्तृत्व रवळोबासांकडे जाते. एका अक्षराच्या जागी दुसरे बसवायचे, आणि त्याची किल्ली पंथात अनुसरलेल्यालाच द्यायची, अशी ही रीत. पोथी नकलून घेणारे हात पिढ्यानपिढ्या बदलले, पण विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांपर्यंत ती किल्ली पोचेस्तोवर बाहेरच्याला त्या पानांवर नुसती वळणदार नक्षी दिसत होती. अक्षर ओळखायला आधी दीक्षा घ्यावी लागे, इतकी कडक अट पुढे कोणत्याच मंडळीने घातली नाही.

दुसरी बिरादरी दरबाराची. मोडी लिपी यादवांचे प्रधान हेमाडपंत यांनी आणली अशी पारंपरिक समजूत आहे. तिच्यामागे पुरावा किती, हा वाद बाजूला ठेवला तरी यादवांच्या काळात राज्यकारभाराला वेगाने लिहिण्याची निकड होती, एवढे त्या समजुतीतून नक्की कळते. कागदावर आधी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ ओढायची, मग हात शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे सोडत जायची. हातात बोरू, शेजारी दौत. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्या लेखणीतून चिटणिसी वळण रूढ झाले, आणि पेशवाईत बिवलकरी वळणाचा दबदबा वाढला. बाळाजींनी महाराजांपुढे कोऱ्या कागदावरून अख्खे पत्र घडाघडा वाचून दाखवल्याची दंतकथा सर्वांनाच ठाऊक आहे. मला तीत हुशारीपेक्षा धाक जास्त दिसतो, कारण कागद कोरा आहे हे सांगण्याची सोय चिटणिसालाही नव्हती. इथे अट होती घराण्याची. बापाच्या हाताखाली मुलगा कित्ता गिरवी आणि वळण वारशाने पुढे जाई. नागपूरकर भोसल्यांचा कारभारही याच लिपीत चाले. ज्या मुलुखातून पुढे, 1862 साली, वर्धा जिल्हा वेगळा काढला गेला, त्याचे हिशेब आणि तंटे मोडीत लिहिलेले आहेत.

छापखाना आला आणि ही दुनिया हादरली. 1810 साली विल्यम कॅरीने श्रीरामपूरला वैजनाथ पंडितांच्या मदतीने मराठी कोश छापला तो मोडी खिळ्यांत. नागपूरच्या रघुजी भोसल्यांची वंशावळही त्याच छापखान्यातून निघाली, म्हणजे वऱ्हाड-नागपूरकडचा इतिहास छापला गेला तो बंगालात. मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1831 साली शिळाछापावर पंचांग छापले. शिळाछापाची गंमत अशी, की तीत दगडावर आधी माणसालाच लिहावे लागे; लेखकाचा हात यंत्रात शिरला, पण सुटला नाही. तो सुटला धातूच्या खिळ्यांनी. 1869 साली निर्णयसागर उभा करणाऱ्या जावजी दादाजींसारख्या खिळेपाड्यांच्या हाती अक्षराचे रूप गेले. मोडीला जोडाक्षरांच्या आणि वळणांच्या पसाऱ्यामुळे खिळ्यांत नीट घर मिळाले नाही. 1950च्या आसपास शाळांतूनही ती उठली.

एव्हाना आपण रेल्वेच्या रुळांवर आलो आहोत. 1867 साली गाडी नागपूरला पोचली आणि वर्ध्याजवळच्या सिंदी (मेघे)हून वेगळी ओळखू यावी म्हणून या सिंदीच्या नावापुढे ‘रेल्वे’ कायमची जोडली गेली. पुढे 1930च्या दशकात गाडीने तासाभरावर असलेल्या वर्ध्यात अक्षरांचा जो खल झाला, त्याला सुलेखनाच्या इतिहासात फारसे कोणी जागा देत नाही. वास्तविक ती मोठी कलाटणी होती. आपले अक्षर वाईट राहिल्याची खंत गांधीजींनी आत्मकथेत नोंदवली आहे. मुलाने अक्षरे काढण्याआधी चित्र काढायला शिकावे, हे त्यांचे मत. ऑक्टोबर 1937च्या वर्धा शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीममध्ये हाताला मान मिळाला. काका कालेलकर लिपीसुधारणेसाठी झटत होते, आणि ‘अि, अी, अु’ अशी ‘अ’ची बाराखडी वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या छपाईत दिसू लागली. तिथल्याच मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली हातकागद होऊ लागला. ती बाराखडी टिकली नाही, आणि न टिकली हेच बरे, असे माझे मत आहे. पण दीक्षा आणि घराणे या दोन्ही अटी इथे मोडल्या. कुणाही मुलाचा हात अक्षरासाठी लायक ठरला.

तरीही पुढचा दरवाजा मुंबईतच उघडला. लंडनमध्ये सुलेखनकार एडवर्ड जॉन्स्टन यांच्या प्रभावातून 1921 साली लेखनिकांची संस्था निघाली. आपल्याकडे 1935 साली जे. जे. कलाशाळेत व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला. र. कृ. जोशी (1936-2008) यांनी तिथल्या आणि पवईच्या आयआयटीतल्या विद्यार्थ्यांना देवनागरी नव्याने पाहायला लावली. विंडोजमधला ‘मंगल’ फॉन्ट त्यांचाच. सिंदीतल्या तलाठ्याच्या संगणकावरही तो असेल. त्यांच्या प्रेरणेतून ‘अक्षराय’ हा गट उभा राहिला. अच्युत पालव यांनी 1980च्या दशकात मोडीचा अभ्यास करून तिला भिंतीवर, कॅनव्हासवर आणले. 2025मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींची अशी अक्षरे काढली, की प्रयोग न पाहिलेल्यांनाही नाटकाचे नाव डोळ्यांसमोर राही.

सिंदीसारख्या गावात ही परंपरा पोचली ती शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट चित्रकला परीक्षांच्या अक्षरलेखनातून आणि दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांकडून. पेंटर कुठल्या मंडळाचा सभासद नव्हता, पण गावाला अक्षर शिकवले ते त्यानेच. तान्ह्या पोळ्याच्या गर्दीत दिसणारे फलक आता फ्लेक्सचे असतात, आणि त्यांवरचा फॉन्ट पुण्यापासून चंद्रपूरपर्यंत एकच.

म्हणून सुलेखनाच्या मंडळात जावे की नाही, असे कोणी विचारले तर माझे उत्तर जावे असेच आहे. आणि ते गावात नसेल तर काढावे. दीक्षा, घराणे, मुंबईचे भाडे, यातले आज काही लागत नाही. चित्रकलेचे शिक्षक, एखादा जुना पेंटर आणि आठवड्यातून एकदा बसायला शाळेची खोली एवढे पुरते. पहिला कित्ता मात्र आपल्याच घरचा घ्यावा. पणजोबांच्या पेटीत मोडी कागदांचे दप्तर असेल, तर ते रद्दीत घालण्याआधी एकदा नागपूरच्या अभिलेखागारात दाखवून या.