पीसीओएस : पाळीपलीकडचे दुखणे

पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम अर्थात पीसीओएस हा स्त्रियांमधील संप्रेरकांच्या असमतोलाचा विकार होय. शिकागोच्या स्टीन व लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ मध्ये त्याचे वर्णन केले. अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचे वाढलेले प्रमाण आणि सोनोग्राफीत दिसणारी अंडाशयाची विशिष्ट रचना यांपैकी दोन बाबी आढळल्यास व अन्य कारणे वगळल्यास निदान करावे, असे २००३ मध्ये रॉटरडॅम येथे ठरले. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने मुंबईतील १५ ते २४ वयोगटातील मुलींची केलेली पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत या निकषांनुसार हे प्रमाण २२.५ टक्के आढळले.

हनुवटीवरील राठ केस, मुरमे, मानेवरील काळसरपणा, वाढते वजन ही लक्षणे चारचौघांत दिसतात. विवाह जुळवताना मुलीच्या रूपाची चर्चा होते, तेव्हा ती अधिकच बोचतात. कर्जत-खालापूरसारख्या भागात दवाखान्यात ओळखीचे कुणी भेटेल, या संकोचानेही उपचार लांबतात.

स्वतःच्या शरीराची लाज वाटू लागली, की पतीचा स्पर्शही नकोसा होतो आणि पतीला तो दुरावा वाटतो. कामजीवनातील या अडचणींमागे केवळ संप्रेरके नसतात. वजन, अनावश्यक केस, नैराश्य, अपत्याची चिंता आणि काही औषधे यांचाही त्यात वाटा असतो. म्हणूनच २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी मनःस्थिती, शरीराविषयीची भावना व कामजीवन यांकडे लक्ष देणे हा उपचाराचाच भाग मानला आहे.

‘लग्न झाले की सारे सुरळीत होईल’ या सल्ल्याला वैद्यकीय आधार नाही. ‘मूल होणारच नाही’ ही भीतीही निराधार आहे. बहुतेक स्त्रियांना नैसर्गिकरीत्या किंवा उपचारांनी अपत्यप्राप्ती होते. आहार, व्यायाम व संप्रेरकांच्या गोळ्या यांनी पाळी नियमित होण्यास मदत होते. केसांवर गोळ्यांचा परिणाम दिसण्यास मात्र सहा महिने तरी लागतात. लेसरचा पर्यायही उपलब्ध आहे.

प्राथमिक तपासणीसाठी कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय जवळ आहे. परळच्या संस्थेने पीसीओएससाठी विविध तज्ज्ञांचे एकत्रित क्लिनिक सुरू केले असून, कर्जत-खोपोलीहून तेथे मध्य रेल्वेने जाता येते. मनावरील ताणासाठी ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. डॉक्टरांनी विचारले नाही, तरी पाळीइतक्याच मोकळेपणाने स्त्रीने ही अडचण सांगावी. शक्य असल्यास पतीलाही सोबत न्यावे.